ढिगामागचा आवाज

तातेराव बसच्या पायरीवर दिसला तेव्हा माझा हात चावीवरच राह्यला. हा माणूस माझ्या गाडीत बसणार? मस्तगडच्या चढावर मी समोरून आलो तर हा गल्ली बदलतो. जय भीम घातला तर स्वतःच्या चपलीकडं बघतो. आणि आज पायरीवर एक पाय ठेवून उभा होता, मागं त्याची पोरगी प्रिया, पाठीला हात लावून त्याला वर ढकलून राह्यली होती.

"चढा ना पप्पा, मागं लोक थांबलेत."

त्यानं मला पाह्यलं, मी त्याला पाह्यलं. मला वाटलं, आता उतरतो. पण पोरीपुढं काय करणार, आला वर, आणि सरळ शेवटच्या सीटवर जाऊन बसला. माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. बस म्हणलं मनात, बस तिथंच, मागं आदळतं पण जास्त.

मी इथं जालन्यात एका पॉलिटेक्निकची बस चालवतो. त्या दिवशी मेकॅनिकलच्या पोरापोरींना संभाजीनगरला विद्यापीठात न्यायचं होतं. तिथं लेसरची मोठी मशीनं आल्ती, लोखंड कापायची, जोडायची, ती चालवून दाखवणार होते. मुलींसोबत दोन-चार पालक असावेत असं कॉलेजनं सांगितलं, आणि प्रियानं बापाला धरून आणलं. कामून आणलं ते मला बराबर कळलं. तिचा बाप दिवसभर ओट्यावर बसून राहतो, लोखंडाचा विषय निघाला की उठून आत जातो, आणि पोरीनं नेमकं मेकॅनिकलच घेतलंय. तिला त्याला दाखवायचं होतं, की बघा पप्पा, मी जिथं काम करीन तिथं असं न्हाई होत.

तातेराव आधी असा नव्हता हो. आम्ही दोघं कुंभार पिंपळगावचे, एका गल्लीतले, एकाच वर्षी दहावीत गचकलेले. जालन्याला आलो तेही एकाच जीपच्या टपावर बसून. इथल्या स्टीलच्या कारखान्यांना भंगार लागतं. फुटलेले ट्रक, मोडकी मशीनं, पाइप, टाक्या, कुठकुठून गाड्या भरून येतं. ते भट्टीत जाईल एवढं बारीक करावं लागतं. आम्ही ते करायचो. गॅस कटर. हातात लोखंड कापायच्या ज्योतीची टॉर्च, मागं गॅसच्या नळ्या, डोळ्याला काळा चष्मा, भर उन्हाळ्यात अंगात जाड शर्ट. तातेरावाच्या हातावर ठिणग्यांचे इतके वण होते की शिवकन्यावहिनी म्हणायची, लग्नाच्या टायमाला वाटलं ह्याला देवी येऊन गेल्यात.

बोलका तर इतका की मुकादम वैतागायचा. त्याच्या टिंगलीतून कुणी सुटलं न्हाई, आणि मी तर बिलकुलच न्हाई. मला तंबाखूची सवय. एकदा तंबाखू लावली की मी बोलत न्हाई, मान हलवतो, हातानं सांगतो. त्यावर हा म्हणायचा, "राजानंद तोंडात तंबाखू असली की लई हुशार दिसतो. थुंकली की समजतं, आत काहीच नव्हतं." सगळं यार्ड हसायचं. मीपण हसायचो, तोंड बंद ठेवून.

आमच्या यार्डात एक रीत होती. टॉर्च पेटवायच्या आधी कटरवाल्यानं मोठ्यानं ओरडायचं, "सरका." ढिगाच्या मागं जो असेल त्यानं आधी बाजूला व्हायचं आणि मंग उलटा आवाज द्यायचा, "सरकलो." तो आवाज आला की पेटवायचं. कारण असं की काळा चष्मा खाली ओढला की पलीकडचं काही दिसत न्हाई. डोक्यावर क्रेन घरघरत असती. डोळ्याचं काम कानाला करावं लागतं. ही रीत कुणी शिकवली न्हाई, साहेबलोकांना तर ती माहीतपण नव्हती. आमच्या आधीचे करायचे, म्हणून आम्ही करायचो.

तातेरावानं ती रीत घरी नेल्ती. मस्तगडला त्याच्या दोन खोल्या. संध्याकाळी सायकल आत घ्यायची तर हा दारातनं ओरडणार, "सरका." वहिनी चुलीवरनं भाताचं पातेलं उचलणार आणि तीपण ओरडणार, "सरका." आणि त्याची दोन्ही लेकरं, थोरला सुमित आणि ही प्रिया, टीव्हीपुढं पसरलेली, मान न वळवता जबाब द्यायची. "सरकलो." "सरकले." आणि एक इंच हलायची न्हाई. गरम पातेलं हातात घेऊन वहिनी त्यांच्या अंगावरनं वाट काढायची.

"तोंडानं सरकता रे," ती म्हणायची, "बुडानं कधी सरकणार?"

तातेराव पोट धरून हसायचा. रविवारी मी तिथं जेवायला असायचो, मी हे किती वेळा पाह्यलं असेल सांगता येत न्हाई. वहिनी मला म्हणायची, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना." मी काय सांगणार, माझ्या तोंडात मटण.

सुमित मोठा झाला, आयटीआय अर्ध्यात सोडलं आणि बापाच्या मागं यार्डात आला. तातेराव खूश. पोरगा अंगानं दणकट, क्रेनच्या साखळीला माल अडकवायचं काम जल्दी शिकला. दुपारी तिघं एका डब्यात जेवायचो. बापाची टिंगल पोरात उतरल्ती. मला म्हणायचा, "राजाकाका, आज बोलणार का थुंकणार?"

मंग तो दिवस आला. एक जुनी हवेची टाकी होती, ढिगात अर्धी रुतलेली. वरनं उघडी दिसत होती, पण आत दुसरा बंद कप्पा होता आणि त्यात हवा कोंडलेली होती, हे नंतर कळलं. ढिगाच्या मागच्या अंगाला आम्ही दोघंच होतो. सुमित टाकीपाशी साखळी अडकवून राह्यला होता. मी जरा पलीकडं, क्रेनखाली, पाण्याच्या माठाजवळ. नुकतीच तंबाखू लावल्ती. क्रेनच्या आवाजात मला माझा खोकला ऐकू येत नव्हता. पुढच्या बाजूनं तातेरावानं आवाज दिला म्हणे, सरका. त्याला उलटा आवाज आला म्हणे, सरकलो. त्यानं चष्मा ओढला, टॉर्च पेटवली. टाकी फुटली ती मागच्या अंगानं.

सुमितला उचलायला मीच पहिला पोचलो. त्याचं जास्त सांगत न्हाई. साखळीचा हूक त्याच्या हातात होता अजून.

सुमितच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे भावकीतले बसल्ते, वंदना झाली, आणि तातेराव उठून माझ्यापुढं येऊन उभा राह्यला.

"राजा, सरकलो कोण म्हणलं?"

"मला माहीत न्हाई, तात्या. मला काही ऐकू आलं न्हाई."

"तू म्हणलास का?"

"मी कसा म्हणीन? माझ्या तोंडात तंबाखू होती."

"मागं तुम्ही दोघंच होते," तो म्हणला. "सुमितनं आवाज दिला असता तर तो सरकला असता. माझा पोरगा मला न सरकता सरकलो कामून म्हणल? तूच म्हणलास. त्याच्याकडं न बघता म्हणलास."

सगळ्या लोकांत. मी पुन्हा तेच सांगितलं, तोंडात तंबाखू होती. माझंच मला ऐकायला खुळचट वाटलं. पोरगं गेलेल्या बापापुढं उभं राहून माणूस तंबाखूचं काय सांगतो. पण खरं तेच होतं, मी दुसरं काय सांगू? तो म्हणला, "माझ्या दारात पाय ठेवू नको." मी न्हाई ठेवला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. लई राग आला. ज्या पोराला खांद्यावर बसवून मी जत्रा दाखवली, त्याच्या मरणाचा ठपका माझ्यावर, तोही एका शब्दापायी, जो मी उच्चारला न्हाई. मी यार्ड सोडलं. त्यानंपण सोडलं. मी लायसन काढून स्टिअरिंग धरलं, तो ओट्यावर बसला. वहिनी शाळेत खिचडी शिजवायला जाऊ लागली. ती एकदा बाजारात भेटली, म्हणली, "भाऊजी, मनावर घेऊ नका. त्यांना कुणीतरी लागतं." मी म्हणलो, "मंग मीच सापडलो का?" ती पिशवी उचलून गेली. मी मात्र मनात ठरवून ठेवलं होतं, एक दिवस हा माझ्यापुढं येईल आणि म्हणल, राजा, तुझं खरं होतं. त्या दिवशी मी काय काय ऐकवणार, तेसुद्धा ठरवून ठेवल्तं. बस चालवताना घोकायचो.

तर अशी ती आमची बस संभाजीनगरला पोचली.

ड्रायव्हरनं गाडीपाशी थांबायचं असतं. पण प्रिया माझ्याकडं आली, म्हणली, "काका, चला ना आत. तुम्हीपण बघा." बापानं अबोला धरला तरी पोरीनं मला काका म्हणायचं सोडलं नव्हतं. मी गेलो. सगळ्यांच्या मागं उभा राह्यलो. तातेराव भिंतीला धरून, माझ्यापासून दूर.

मशीन म्हणजे काय, एक मोठी खोलीच. चारी बाजूनं पत्रा, समोर हिरवट काचेची खिडकी. आत लोखंडाची जाड प्लेट ठेवली होती, दोन बोटं जाडीची. तसली प्लेट कापायला आमचा घाम निघायचा. तिथल्या सुरेखा मॅडम समजावून सांगत होत्या. म्हणल्या, ह्यात ज्योत न्हाई, उजेड आहे, केसासारख्या काचेच्या तंतूतनं येतो, डोळ्याला दिसतसुद्धा न्हाई. पण एका टोकाएवढ्या जागेवर गोळा केला की पोलाद वितळतं. जमिनीवर पिवळी पट्टी होती. तिच्या मागं थांबा म्हणल्या.

एकदा चालवून दाखवलं. जास्त आवाजपण न्हाई, फुस्स झाल्यासारखं झालं, खालनं ठिणग्यांचा झोत गेला, आणि प्लेटमधनं एक गोल चकती गळून पडली. कडा गुळगुळीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला माझ्या हातातली टॉर्च आठवली, आमच्या कापाच्या वाकड्या कडा आठवल्या, आणि इतकी वर्षं आपण काय केलं असं वाटलं.

तेव्हा तातेराव बोलला. मॅडमला विचारलं, "माणूस कुठं उभा राहतो?"

"इथंच, बाहेर. कंप्युटरपाशी."

"न्हाई, मागच्या बाजूला. पलीकडं कोण राहतं?"

"कुणीच नाही, काका. आत माणूस असू शकत नाही. एखादं दार जरी उघडं असलं तरी मशीन चालूच होत नाही."

"म्हणजे विचारावं लागत न्हाई," तो म्हणला.

"कुणाला?"

तो काचेतनं मशीनच्या मागच्या कोपऱ्याकडं बघून राह्यला. त्याच्या तोंडाकडं मला बघवेना. कुठं तरी असं मशीन असतं, ज्याला दार लागलंय का उघडंय ते आपलं आपण समजतं, आणि त्याच्या पोराच्या वाट्याला एक ओरडा आल्ता. त्यानं हात वर करून चष्म्याच्या जागी, कपाळावर चाचपलं. चष्मा कुठला आता.

मॅडम म्हणल्या, आता पूर्ण ताकदीवर दाखवतो, जास्त जाड प्लेट घेतो. पोरं पुढं सरकली. प्रिया सगळ्यात पुढं, पिवळी पट्टी ओलांडून, मोबाईल काचेला लावून शूटिंग करून राह्यली होती. कंप्युटरवरच्या पोरानं बटणावर हात नेला. वर लाल दिवा लागला.

"सरका."

अख्ख्या हॉलमध्ये आवाज घुमला. यार्डातला आवाज, छातीतनं काढलेला, क्रेनच्या वरनं जाणारा. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. तातेरावाला तो आपण काढलाय हेसुद्धा कळलं नसावं. कंप्युटरवालं पोरगं दचकलं आणि त्यानं मशीन बंद केलं. माझे पाय माझ्याआधी दोन पावलं मागं गेल्ते.

आणि पुढनं, काचेपाशी, प्रियानं मान न वळवता जबाब दिला.

"सरकले."

पोरं खो खो हसली. मॅडमपण हसल्या, म्हणल्या, काही नाही, चालू करा. प्रिया अजून मोबाईलमध्येच बघत होती. ती काय बोलली हे तिला माहीतपण नव्हतं. तिचे पाय पिवळ्या पट्टीच्या पुढं होते, आधी होते तिथंच. तातेराव तिच्या चपलांकडं बघून राह्यला. मशीन चालू झालं, ठिणग्या उडाल्या, सगळे काचेकडं बघत होते. तो तिच्या पायांकडंच बघत होता, आणि मी त्याच्याकडं.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी मूर्ख, रविवारी रविवारी ते बघत बसलो होतो, भात खात खात, आणि एकदाही दोन गोष्टी जोडल्या न्हाईत. त्यानंपण न्हाई जोडल्या. जोडायच्या नसतील त्याला.

मशीनमधनं निघालेली एक चकती मॅडमनी प्रियाला दिली. ती पळत बापाकडं आली. "पप्पा, बघा, हात लावा, किती साफ आहे. तुम्ही उगंच घाबरत होते." त्यानं चकती हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि म्हणला, "चांगलं आहे. शिक तू." तिला इतका आनंद झाला की तिनं मैत्रिणींना ओरडून सांगितलं. त्याचं तोंड मात्र तिनं पाह्यलं न्हाई, ते बरं झालं.

परतीला बदनापूरच्या अलीकडं चहाला थांबलो. पोरं वडापावच्या गाड्यावर तुटून पडली. मी चढून स्टिअरिंगवर बसलो, तर तातेराव पुढच्या दारानं वर आला आणि माझ्या बाजूच्या केबिनच्या सीटवर बसला. एकेक करून पोरं आली, गाडी निघाली. मागं गाणी चालू झाली. तो समोरच्या काचेतनं रस्त्याकडं बघत होता. चकती अजून त्याच्या हातात होती.

"राजा," तो म्हणला.

"हं."

"पोरीनं सरकले म्हणलं. पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"पाय हलवला न्हाई तिनं."

"लेकरंच ती तात्या. सवय असती."

"दोघं असंच करायचे घरी. शिवकन्या ओरडायची, आणि मी हसायचो." त्याचा आवाज इतका बारीक झाल्ता की मला गाडीचा वेग कमी करावा लागला. "तो आवाज सुमितचाच होता. साखळी अडकवता अडकवता म्हणला असंल, सरकलो. घरी म्हणायचा तसं. आणि मी बाप, मी तेवढ्यावर पेटवलं. तू न्हाई दिला आवाज, राजा. तुझं खरं होतं."

झालं. ज्याची मी इतकी वर्षं वाट बघितली ते त्यानं बोलून टाकलं. घोकलेलं सगळं जिभेवर यायला पाहिजे होतं. पण मला त्याच्याकडं बघून रडूच येऊ लागलं. वहिनी बाजारात म्हणली होती ते मला आता समजलं. माझ्यावर चिडून हा माणूस तग धरून होता. ओट्यावर बसून मला शिव्या घालायचा, त्यात त्याचा दिवस जायचा. आता मी सुटलो, तर त्या ओट्यावर त्याच्याजवळ कोण राह्यलं? त्याचा पोरगा, आणि तो स्वतः. मला असं सुटायचं नव्हतं. आई शप्पथ, नव्हतं सुटायचं.

"न्हाई तात्या," मी म्हणलो. "आवाज मीच दिल्ता."

त्यानं मान वळवली.

"भ्यायलो मी. म्हणून बोललो न्हाई. तुझा आवाज आला, मी इकडं पाह्यलं न्हाई, तिकडं पाह्यलं न्हाई, सरकलो म्हणून मोकळा झालो. सुमित एक शब्द बोलला न्हाई. त्याला तुझा आवाज ऐकूच गेला नसंल. तुझा पोरगा खोटं न्हाई बोलला. मी बोललो."

मी समोर बघून गाडी चालवत राह्यलो. मागं पोरांनी गाण्याचं दुसरं कडवं धरलं, त्यात प्रियाचा आवाज सगळ्यात वर. जालना जवळ आलं, कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या. मला वाटलं, मानलं त्यानं. आता हा उठंल, मागं जाऊन शेवटच्या सीटवर बसंल, उद्यापासून परत गल्ली बदलंल. बदलू दे म्हणलं.

पण तो उठला न्हाई. गिअरवरच्या माझ्या हातावर त्यानं त्याचा तो वणांनी भरलेला हात ठेवला, आणि पुष्कळ वेळ तसाच ठेवून बसला.

"तुझ्या तोंडात तंबाखू होती ना, राजा," तो म्हणला.